गाडी कोण चालवत होतं

आप्पा इंगवले वारला तेव्हा मी मातीला गेलो नाही. सकाळी दिनकरचा फोन आला, दहाच्या सुमारास पंचगंगेवर नेणार आहेत म्हणाला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि शाळेत गेलो. नववीच्या वर्गाला भूगोल शिकवला. संध्याकाळी बायको म्हणाली, निदान उभं राहून तरी यायचं, इतक्या वर्षांची ओळख. मेलेल्या माणसाशी वैर धरू नये असं तिचं म्हणणं. असेलही. पण आप्पानं आयुष्यभर जिवंत माणसांशी धरलं, त्याचं काय करायचं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आमची ओळख कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरची. नव्वद सालच्या आसपास आम्ही तिघं रोज संध्याकाळी तिथं जमत होतो. दिनकर पोस्टात होता, मी हायस्कुलात, आणि सलीम नदाफ गाड्यांच्या सीटा शिवायचा. त्याचे वडील घरोघर फिरून गाद्या भरायचे. याच्या वेळेपर्यंत गाद्या आयत्या मिळायला लागल्या, म्हणून हा जीप-ट्रकांच्या सीटांकडं वळला. म्हैस समोर पिळायची आणि फेसाळ ग्लास हातात यायचा, तिथं एक दिवस आप्पा आला. रांगेत पुढचा ग्लास दिनकरचा होता. आप्पानं तो घेतला, एका दमात प्याला, मिशी पुसली आणि दिनकरला म्हणाला, "तुझं वजन बघता तुला ह्याची गरज न्हाय." सगळा कट्टा हसला. दिनकरही हसला. आप्पाची सुरुवात कायम अशीच असायची. आधी तुमच्या हातातलं काढून घ्यायचं, मग असं काही बोलायचं की तुम्हालाच हसावं लागावं.

धिप्पाड होता. तरुणपणी तालमीत गेलेला, कान मोडलेले, मान आणि खांदा एकच. शिरोली नाक्याच्या अलीकडं त्याचा वीट-वाळूचा अड्डा होता आणि त्या अड्ड्यात पत्र्याची तीन-चार शेड. त्यातलं एक त्यानं सलीमला दिलं. भाडं रीतसर घ्यायचा, वेळच्या वेळी घ्यायचा. पण चार माणसांत सांगताना "सलीमला मी जागा दिलीया" असंच सांगायचा. ऐकणाऱ्याला वाटावं दान केलंय.

नावं ठेवायची त्याला खोड. मी मास्तर, दिनकर टपाल, सलीम गादी. आमच्या बायकामुलांसमोर, ऑफिसातल्या माणसांसमोर, कुठंही. त्याला मात्र आप्पाच म्हणायचं. एकदा दिनकर चेष्टेत "काय रे वाळू" म्हणाला. आप्पा आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही, आणि आठवड्यानंतर दिनकरनंच जाऊन त्याची समजूत काढली.

रस्ता कधी कुणाला विचारायचा नाही. आजऱ्याला निघालेली जीप गडहिंग्लजात पोचली तर म्हणायचा, हितं काम होतं माझं. तुम्ही आधीच सांगितलं असलं की वळण मागं राहिलं, तर तुमच्याकडं बघून शांतपणे म्हणायचा, "आप्पा चुकत न्हाय. रस्ता चुकतो." हे वाक्य त्यानं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मला मजा वाटली होती. पुढं पुढं माझ्या लक्षात आलं की त्याला ते खरोखरच तसं वाटतं.

मग आम्ही त्याच्याबरोबर राहिलो कशाला, असं माझी बायको विचारायची. त्याचं उत्तर सोपं नाही. माझी आई दवाखान्यात होती, रक्त लागत होतं, गट मिळत नव्हता. आप्पाला निरोप गेला तसा तो अर्ध्या तासात आला, बाही वर केली आणि आडवा झाला. त्या दिवशी मला तो भावापेक्षा जवळचा वाटला. पण आई बरी होऊन घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो कट्ट्यावर म्हणाला, "मास्तरच्या आईच्या अंगात माझं रक्त हाय." हसण्यावारी गेलं. मग ते तो लग्नांत म्हणाला, बारशात म्हणाला, माझ्या हेडमास्तरांपुढं म्हणाला. मी एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं की म्हणायचा. आईच्या कानावर गेलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "परत देता आलं असतं तर दिलं असतं रे बाबा."

असा माणूस. त्याच्या जीपमधून आम्ही कोकण बघायला निघालो.

नव्वदीची शेवटची वर्षं, नाताळची सुट्टी. गगनबावड्यावरून खाली उतरायचं, देवगड गाठायचं आणि तिथून समुद्राच्या कडेकडेनं कोळ्यांची गावं बघत मालवणपर्यंत जायचं, असा बेत होता. बेत दिनकरचा. त्यानं महिनाभर माहिती काढली होती. पण गाडी आप्पाची, म्हणून बेतही आप्पाचा झाला. कुणी कुठं बसायचं हे त्यानं ठरवलं. गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला देणार नाही, हेही त्यानं निघतानाच सांगितलं. देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आमच्यात आणखी कुणाला गाडी येतच नव्हती. सलीमचं सगळं आयुष्य गाड्यांत गेलं, पण त्याचा संबंध सीटेपुरता. स्टिअरिंग त्यानं फक्त पुसायला धरलं असेल.

करूळ घाटात सलीमला उलटी झाली. त्यानं वेळेत डोकं बाहेर काढलं, गाडीत थेंब पडला नाही. तरी आप्पानं जीप थांबवली, त्याला खाली उतरवलं आणि म्हणाला, "चालत ये. वारा लागंल, बरं वाटंल." आम्हाला वाटलं पुढच्या वळणावर थांबेल. तो थेट घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर थांबला. मी दोनदा म्हटलं मागं जाऊ. त्यानं ऐकलंच नाही असं केलं, भजी मागवली. सलीम आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडलेला आणि चपलेचा अंगठा तुटलेला. आप्पानं भज्यांचा कागद चुरगाळून टाकला आणि गाडी चालू केली. दिनकरनं आपला अर्धा चहा राखून ठेवला होता, तो सलीमनं चालत्या गाडीत प्याला.

देवगडात आम्ही मासळीबाजारात गेलो. आप्पानं एका बाईच्या पाटीतले बांगडे उलटेपालटे केले, भाव पाडला. बाई नको नको म्हणत शेवटी कंटाळून तयार झाली, तसा तो हातातला मासा पाटीत टाकून म्हणाला, वास येतोय. बाईनं त्याच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं बघितलं. आम्ही त्याच्याबरोबरचे होतो.

खाणावळीत तर कहर. त्याच्या आईनं बांधून दिलेली कांदा-लसणीची चटणी त्यानं डब्यातून आणली होती. नारळाच्या रसातली सौंदाळा माशाची आमटी पुढं आली की तो मोठ्यानं म्हणायचा, हे काय पांढरं पाणी, आणि तिच्यात चटणी कालवायचा. पुढच्या खाणावळीत आमच्याही ताटांत कालवली. विचारलं नाही. मला त्या आमटीची खरी चव पुढं कितीतरी वर्षांनी कळली.

तिसऱ्या दिवशी आचरा सोडून आम्ही मालवणच्या दिशेनं निघालो. वाटेत एक वाडी लागली. तिचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आम्हाला विसरलेलं बरं. माडांच्या मागं किनारा, किनारा लांबलचक आणि सपाट. मी आणि दिनकर जेवणाचं सांगायला वाडीत गेलो. एका घरी बाई हो म्हणाली, मासे अजून यायचेत म्हणाली. आम्ही परत किनाऱ्याकडं निघालो तेव्हा माडांमधून दिसलं की आप्पानं जीप वाळूत घातली आहे. ओल्या वाळूवरून तो ती भरधाव पळवत होता, वळवत होता, पुन्हा पळवत होता. सलीम शेजारी बसला होता, एका हातानं वरची कांब धरून. दुसरा हात बाहेर काढून तो कशाकडं तरी दाखवत होता.

तो दाखवत होता ती रापण. रापण म्हणजे सगळ्या वाडीनं मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं; होडीनं ते समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांना माणसं लागतात, बाया लागतात, म्हातारे लागतात. एकाचं नसतं ते, वाडीचं असतं. ते जाळं कोरड्या वाळूवर वाळत घातलं होतं. जीप त्याच्यावर चढली, मागचं चाक फिरलं आणि जाळं चाकाला गुंडाळलं गेलं. आप्पानं थांबायचं सोडून आणखी जोर दिला, तशी जीप तिथंच रुतली. फाटल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला.

आम्ही धावत पोचेपर्यंत वाडी पोचली होती. पन्नाससाठ माणसं असतील. दोघंही खाली उतरले होते. बायका फाटलेलं जाळं हातात धरून उभ्या होत्या, एक जण नुसतीच खाली बसली होती. कुणी ओरडत नव्हतं, हे मला जास्त भयंकर वाटलं. त्यांच्यात एक म्हातारा होता, त्याला सगळे बाबीकाका म्हणत. रापणीचं सगळं तोच बघत असावा. त्यानं मालवणीत विचारलं, "गाडी कोण चालवत होतो?"

आप्पानं सलीमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ह्यो. ड्रायव्हर हाय आमचा."

हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. मी पुढं होऊन म्हटलं की नाही, हा नव्हता. आप्पानं माझ्याकडं न बघता बाबीकाकाला सांगितलं की हे मास्तर जेवाण सांगाय गेलतं, ह्याला काय म्हाईत. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, त्यानं सलीमचं नाव सांगितलं. आख्खं सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. इतक्या वर्षांत गादीशिवाय दुसरं नाव त्याच्या तोंडातून निघालं नव्हतं. त्या वर्षांत असलं नाव अनोळखी घोळक्यात मोठ्यानं घेण्याचा अर्थ काय होता, ते त्याला कळत होतं. त्यासाठीच त्यानं ते घेतलं.

बाबीकाका म्हणाला, "नावाचा माका काय करूचा हा? जाळ्याचा काय ता सांग."

त्या म्हाताऱ्याबद्दल मला काय वाटतं हे मी कधी कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

त्यानं सलीमला विचारलं, तू चालवत होतास का. सलीमनं आप्पाकडं बघितलं. आप्पाचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता. मला त्या क्षणी अड्ड्यातलं ते पत्र्याचं शेड दिसलं, शिवणयंत्र दिसलं, फोमचे तुकडे दिसले. सलीम म्हणाला, "व्हय. मीच होतो."

भरती वाढत होती. आधी गाडी काढूया, असं बाबीकाकानं ठरवलं. ज्यांचं जाळं फाटलं त्याच माणसांनी रापणीचाच दोर लावून जीप बाहेर ओढली, चाकातून जाळं कापून काढलं. ओढताना आप्पा बाजूला उभा राहून सूचना देत होता. मग ठरलं असं, की जाळ्याची भरपाई होईपर्यंत ड्रायव्हरनं इथंच राहायचं. आप्पानं ते ऐकताक्षणी मान्य केलं. कोल्हापूरला जातो, उद्या पैसे घेऊन येतो म्हणाला. सलीमला म्हणाला, "ऱ्हा की एक दिवस. समुद्र बघ." आणि जीपमध्ये बसला. मी म्हटलं मी सलीमबरोबर थांबतो. दिनकर मात्र मुद्दाम त्याच्याबरोबर गेला, म्हणजे आप्पा परत येईल याची खात्री राहील. जीप माडांत शिरताना आप्पानं हॉर्न वाजवला.

आम्हाला बाबीकाकाच्या घरी ठेवलं. त्याच्या सुनेचं नाव शेवंती. ती आमच्याशी एक शब्द बोलायची नाही. ताट ठेवायची ते आवाज करून. अंगणातली पोरं लांबून "ड्रायव्हर, ड्रायव्हर" करायची आणि पळायची. दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाडीतली चार माणसं जाळं शिवायला बसली. सलीम जाऊन त्यांच्या शेजारी बसला. सुई-दोऱ्यात जन्म गेलेला माणूस, त्याला वाटलं आपल्याला जमेल. जाळ्याची गाठ वेगळीच असते, त्याला ती अजिबात जमली नाही. दिवसभर तो मान खाली घालून गाठी मारायचा आणि उन्हं कलली की शेवंती येऊन त्याच्या सगळ्या गाठी कापून टाकायची आणि परत मारायची. त्याला ऊठ मात्र कुणी म्हटलं नाही. आणि तोही उठला नाही.

आप्पा आला नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या दिवशीही नाही. मी रोज एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहायचो. 

मग वाडीतला टेम्पोवाला तापानं पडला. मासे आले होते, बर्फ आणायला मालवणला जायला हवं होतं, नाहीतर मासे जाणार. बाबीकाका सलीमपाशी आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो त्याच्याशी जरा बऱ्या आवाजात बोलला. "तू ड्रायव्हर मां? मगे चल, टेम्पो काढ."

सलीम जाळ्यावर बसलेला होता. त्यानं सुई खाली ठेवली. मग म्हणाला, "मला गाडी येत न्हाय."

आजूबाजूचे हात थांबले. बाबीकाकाला आधी वाटलं हा टाळतोय. त्यानं पुन्हा विचारलं. सलीमनं सांगितलं की मी सीटा शिवतो, गाडी मी जन्मात चालवलेली नाही. कुणीतरी शिवी दिली. ती आप्पाला होती की आम्हाला, मला कळलं नाही. बाबीकाका खाली बसला, सलीमच्या अगदी समोर. मला वाटलं आता हा त्याला जवळ घेईल, धीर देईल. तसलं काही झालं नाही. तो रागानं लाल झाला होता. "मगे तेव्हा गप कित्याक रवलंस?"

सलीम म्हणाला, त्यो माझा दोस्त हाय.

"येवचो नाय तो," म्हातारा म्हणाला. "माका त्याच दिवशी कळला होता. तुकाव म्हायत होता." मग उठला, कुणाला तरी शेजारच्या वाडीतला टेम्पो बघायला पाठवलं आणि जाता जाता शेवंतीला सांगितलं की ह्यांका जेवण घाल आणि जाऊंक दे. आम्ही मोकळे होतो. मी पिशवी भरायला उठलो. सलीमनं सुई परत उचलली. चल म्हटलं तर म्हणाला, एवढा तुकडा होऊ दे. त्या दिवशी संध्याकाळी शेवंतीनं त्याच्या गाठी कापल्या, पण सगळ्या नाही कापल्या. आणि रात्रीच्या ताटात दोघांनाही तळलेला बांगडा होता.

दुसऱ्या दिवशी दिनकर एसटीनं आला, एकटाच. त्यानं स्वतःच्या आणि माझ्या घरातून जमतील तेवढे पैसे आणले होते. आप्पा पहिल्या दिवशी म्हणाला कामगार आले नाहीत, दुसऱ्या दिवशी म्हणाला जीप बिघडली, तिसऱ्या दिवशी दिनकरला म्हणाला, "ते काय त्यास्नी मारून टाकणार हाईत? कंटाळतील आणि सोडतील." दिनकर हे सांगताना रडकुंडीला आला होता. बाबीकाकानं त्यातले दोऱ्यापुरते ठेवून घेतले आणि बाकीचे परत केले. आम्ही एसटीत बसलो तेव्हा निरोप द्यायला कुणी आलं नाही. आम्हीही अपेक्षा केली नव्हती.

कोल्हापुरात पोचल्यावर सलीम घरी गेला, अंघोळ केली आणि हातगाडी घेऊन अड्ड्यावर आला. मी आणि दिनकर बरोबर होतो. आम्ही शिवणयंत्र उचललं, रेक्झिनचे गुंडाळे उचलले, फोम बांधला. आप्पा ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. गंमत बघितल्यासारखा बघत राहिला. शेवटचा फेरा झाला तेव्हा म्हणाला, "कुठं जाणार हाईस? आठ दिवसांत परत येशील."

सलीमनं हातगाडीचा दोर आवळला आणि त्याच्याकडं वळला. त्याचा आवाज चढला नव्हता.

"आप्पा, मला गाडी येत न्हाय. तुला ठाऊक होतं."

"मग?" आप्पा म्हणाला. "मारलं का तुला त्यांनी?"

"न्हाय."

"मग झालं की."

एवढंच. मी आजवर त्या उत्तराचा विचार करतो. त्यात लाज नव्हती, घाबरणं नव्हतं, राग सुद्धा नव्हता. सलीमला कुणी मारलं नाही म्हणजे काही घडलंच नाही, असा त्याचा हिशोब. मी त्याच्या अंगावर जाऊन वाटेल ते बोललो. त्यानं शांतपणे ऐकलं आणि मला म्हणाला, "मास्तर, तुझ्या आईच्या अंगात माझं रक्त हाय." मी हातगाडीला हात लावला आणि निघालो.

सलीमनं रंकाळ्याच्या बाजूला एक बोळकांडीएवढी जागा घेतली. पावसात गळायची. दोन वर्षं त्यानं फार हाल काढले. अड्ड्यावर येणाऱ्या ट्रकवाल्यांना आप्पानं सांगून ठेवलं होतं की गादी आता काम करत नाही. हे आम्हाला उशिरा कळलं. पुढं बसवाल्यांचं काम मिळालं, मुलगा हाताखाली आला, कागलच्या रस्त्याला मोठी जागा झाली. दूध कट्ट्यावर आम्ही तिघं पुन्हा जायला लागलो, पण वेळ बदलून.

त्यानंतर आप्पाला मी लांबून बघत होतो. त्याला नवे मित्र मिळाले. असल्यांना मिळतात. जोतिबाच्या यात्रेला तो दरवर्षी जीप भरून माणसं न्यायचा आणि त्यांतलं कुणी ना कुणी दरवर्षी बदललेलं असायचं.

शेवटचा बघितला तो दिनकरच्या मुलीच्या लग्नात, दोन हजारच्या दशकाच्या मधल्या एका वर्षी. दिनकर स्वभावानं मऊ, त्यानं पत्रिका दिली. आप्पा आला तो काठी टेकत. साखर वाढली होती, पाय सुजलेला, पण आवाज तोच. जेवणाच्या पंगतीत तो आमच्या समोरच्या रांगेत बसला, चार-पाच तरण्या माणसांच्या मधे. मी आणि सलीम शेजारी शेजारी होतो. मसालेभात वाढून झाला आणि आप्पानं गोष्ट सुरू केली.

तो कोकणची गोष्ट सांगत होता. जीप वाळूत घातली, रापणीवर गेली, जाळं फाटलं, वाडीनं वेढा घातला. सगळं बरोबर सांगत होता. मग म्हणाला की मी त्यास्नी म्हटलं, जाळं मी फाडलंय, मी शिवून देणार, तोवर हितनं हालत न्हाय. आणि बसलो की. सकाळ-संध्याकाळ जाळं शिवलं. म्हातारा तर रडला निघताना.

माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी समोरून म्हटलं, "गाडी तू चालवत होतास, आप्पा." इतक्या वर्षांनी एवढंच माझ्या तोंडातून निघालं.

तो माझ्याकडं बघून हसला. "व्हय की. मीच चालवत होतो. म्हणून तर ऱ्हायलो न्हवं तिथं." आणि शेजारच्यांना म्हणाला, हे मास्तर होतं बरोबर. गादी पण होता. "काय गादी, खरं का न्हाय?"

सगळी रांग सलीमकडं बघायला लागली. कोण हा, कशाबद्दल विचारताहेत, कुणालाच माहीत नव्हतं. सलीम भात कालवत होता. त्यानं मान वर केली, आप्पाकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "न्हाय."

आप्पा पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला. सलीमनं घास तोंडात घातला आणि वाढप्याला आमटी आण म्हणाला. त्या पोरांपैकी एकानं आप्पाला विचारलं, म्हंजे काय झालतं नेमकं? आप्पा मग जिलेबी पाकात बुडालेली नाही अशी तक्रार करायला लागला.

तो आमच्या आधी उठला. हात धुऊन काठी टेकत दाराशी गेला आणि चपलांच्या ढिगाऱ्यात आपली चप्पल काठीनं शोधत बराच वेळ उभा राहिला. येणारे-जाणारे त्याच्या बाजूनं जात होते. थोड्या वेळानं त्याचा मुलगा आला, चांगला पस्तिशीचा, केस पिकायला लागलेला. त्यानं खाली वाकून चपला काढल्या, बापाच्या सुजलेल्या पायात एक-एक करून सरकवल्या. आप्पा त्याच्यावर ओरडला, एवढा वेळ कुठं मेला होतास म्हणून. मुलगा दुसऱ्या पायाचा पट्टा लावत राहिला.